थदडीचं पिठलं

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "आत्या, आई गेली," तो म्हणाला, आणि मी मठ्ठासारखं विचारलं, "कुठे?"

विमलवहिनीच्या बाबतीत हा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता म्हणा. नव्वदी ओलांडल्यावरही ही बाई काठी टेकत खालच्या मजल्यावरच्या केरळी बिऱ्हाडात जायची, ओणमच्या दिवशी केळीच्या पानावर कुठल्या बाजूला काय वाढतात ते बघायला. बरं, नुसतं बघून येईल तर शपथ! "हे डावीकडेच का? उजवीकडे वाढलं तर काय होतं?" ती केरळी सून कौतुकाने सांगायची, आणि मग वहिनी फोन करून मला सांगायची, मला ऐकायचं असो वा नसो. माझ्या भावाची बायको, म्हणजे नात्याने भावजय. पण मी नऊ वर्षांची असताना ती आमच्या घरी आली, त्यामुळे अर्धी आई आणि अर्धी मैत्रीण. तिच्यावर मी रागावले, रुसले, वेळप्रसंगी भांडलेही. ती गेल्यावर आता कुणाशी भांडायचं, हा प्रश्नच आहे.

डोंबिवलीला, श्रीकांतच्या घरी पोचले. सगळं व्हायचं ते झालं. संध्याकाळी मंडळी स्मशानातून परतली, आंघोळी झाल्या, घरात गॅस बंद, सगळे भिंतीला टेकून बसलेले. तेवढ्यात बेल वाजली. दारात होतू उभा. होतचंद, आमचा कल्याणचा जुना शेजारी, आता उल्हासनगरला असतो, ऐंशीला टेकलेला, अंगाने चांगला भरलेला, गालांवर देवीचे जुने व्रण. हातात मोठा स्टीलचा डबा. मला बघून म्हणाला, "शालूदीदी, पिठलं-भात आहे. गरम आणलंय."

आणि मी हसले. मयताच्या घरात, मोठ्याने. श्रीकांतची बायको मेघना घाबरून पाणी घेऊन आली, तिला वाटलं आत्यांना काहीतरी झालं. होतूही हसत होता, डोळे पुसत. आम्हा दोघांखेरीज ते हसू कुणालाच कळलं नाही.

त्या हसण्याचा खुलासा करायचा म्हणून हे लिहिते आहे. त्यामागे एक चूक आहे. ती माझी. पण तिचा बोल विमलवहिनीने जन्मभर स्वतःवर घेतला, आणि मी तो घेऊ दिला. होतूलाही मी कधी खरं सांगितलं नव्हतं. वहिनी असताना सांगायचं राहून गेलं, असं म्हणायला सोपं आहे. राहून नाही गेलं, मी टाळलं.

पन्नास-एक्कावन्न साल असेल. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळच्या एका चाळीत राहत होतो. घरात आई, ठाण्याच्या कचेरीत कारकून असलेला माझा दादा, नुकतंच लग्न होऊन गुहागरकडून आलेली वहिनी आणि मी. वडील आधीच गेले होते. शेजारच्या खोलीत ईश्वरीबाई, तिचा नवरा आणि चार वर्षांचा होतू राहायला आले. फाळणीनंतर सिंधी मंडळी कल्याणच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती, त्यांपैकीच हे एक कुटुंब. नवरा पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरायचा. दोन बिऱ्हाडांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्यांच्याकडे कांदा परतला की आमच्याकडे आई नाकाला पदर लावायची.

आईचं सोवळं कडक. "त्या सिंधीणबाईकडून काही घ्यायचं नाही, आपण काही द्यायचं नाही," असा हुकूम. पण वहिनीच्या अंगात जन्मतःच एक किडा होता. कुणाच्याही घरातून फोडणीचा वास आला की ती विचारणारच, "कसं करतात हो हे?" भाजीवाली आगरीण टोपली उतरवून बसली की भाजीचा भाव राहायचा बाजूला. "तुमच्यात हळदीला काय करता गं जेवायला?" "वडे करतो बाय, दुसरा काय?" "कसले? पीठ कसलं? आंबवता का?" ती आगरीण शेवटी म्हणायची, "बाय, तू हळदीलाच ये आता!" फळ्यांच्या भिंतीपलीकडे एक अख्खं अनोळखी स्वयंपाकघर असताना ही गप्प बसेल, हे शक्यच नव्हतं. आई देवळात गेली की हिचं आणि ईश्वरीबाईचं मागल्या ओट्यावर चालू. एकीला हिंदी चार शब्द, दुसरीला मराठी चार शब्द, बाकी सगळं हातवाऱ्यांवर.

श्रावण होता, गोकुळाष्टमीचा आदला दिवस. आई देवळात गेलेली. दादाला कचेरीत जायची घाई आणि बंब पेटायचं नाव घेईना, कारण काड्यापेटी सादळलेली. वहिनीने माझ्या हातात लोखंडी पळी दिली. "शालू, पळत जा, ईश्वरीबाईंकडून बंबापुरता विस्तव आण. आई यायच्या आत हं!" त्या काळी विस्तव शेजारून मागून आणणं ही रोजची गोष्ट. आणि "विस्तवाला विटाळ नसतो" हे वहिनीचं आपलं शास्त्र.

मी त्यांच्या दाराशी गेले आणि थबकले. आत चूल धुऊन सारवलेली, गार. राखेचा कण नाही. होतू जमिनीवर डोक्यापर्यंत चादर ओढून निजलेला, हालचाल नाही. आणि ईश्वरीबाई त्याच्या अंगावर हाताने पाणी शिंपडत डोळे मिटून पुटपुटत होती. त्या पुटपुटण्यातला एकच शब्द मला कळला. "ठार… माता… ठार…"

आता सांगा, नऊ वर्षांच्या मराठी मुलीने काय समजावं? चूल बंद, पोरगं चादरीखाली, आई पाणी शिंपडतेय आणि म्हणतेय ठार! त्या उन्हाळ्यात होतूला देवी आल्या होत्या, जगतो की मरतो असं झालं होतं. मी पळी तिथेच टाकली आणि धूम ठोकली. "वहिनी, होतू ठार झाला!"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात आई आलीच. मला तिथे पाठवलं होतं हे आईला कळलं असतं तर माझी चामडी लोळवली असती. वहिनीने एका क्षणात ठरवलं. "आई, शेजारी… होतू गेला वाटतं. मी फळीला कान लावून ऐकलं."

आणि मग मी माझी आई बघितली, जी त्याआधी कधी बघितली नव्हती. "अरे देवा," एवढंच म्हणाली. सोवळं गेलं खुंटीवर. पलीकडच्या बिऱ्हाडातून विस्तव मागवला, चूल पेटवली, डाळीचं पीठ कालवलं. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. आपला-परका, जात-पात काही बघायचं नसतं त्यात. अर्ध्या तासात वहिनीच्या हातात वाफाळतं पिठलं आणि भाताचं पातेलं, पुढे आई, मागे मी.

ज्या उंबऱ्याला आईने कधी पाय लावला नव्हता तो ओलांडून ती आत गेली आणि ईश्वरीबाईला तिने चक्क पोटाशी धरलं. "रडून घ्या हो बाई, मोकळ्या व्हा…" आई स्वतःच रडायला लागली. ईश्वरीबाईला काही उमगेना. तिला वाटलं आमच्याकडेच कुणी गेलं. "कौन गया? हाय, कौन गया?" म्हणत तीही रडू लागली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताहेत, ही तिच्या घरच्या मेलेल्यासाठी आणि ती हिच्या! तेवढ्यात चादर हलली. होतू डोळे चोळत उठून बसला आणि खायला मागू लागला.

"अगं बाई, हा तर जिवंत आहे!" आई ओरडली.

जिवंत हा शब्द ईश्वरीबाईला कळला. तिने होतूकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातातल्या पातेल्यांकडे. दोनच महिन्यांपूर्वी चाळीच्या टोकाच्या खोलीतले आजोबा गेले होते, तेव्हा कुठल्या घरी पिठलं-भात नेतात ते तिने बघितलं होतं. तिचा चेहरा असा काही झाला… मी तो आजही सांगू शकत नाही. तिने पोराला उचलून छातीशी आवळलं, आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

चाळीत हसं झालं. आईने वहिनीला जे फैलावर घेतलं ते काही विचारू नका. "सुनेचे कान भिंतीला! घराण्याची अब्रू घालवलीस!" वहिनीने मान खाली घालून ऐकलं. मी कोपऱ्यात उभी होते. एक शब्द बोलले नाही. पळीचा तपास झाला, ती सापडली नाही. पळताना गटारात पडली असेल असं मी मनाशी धरलं आणि गप्प राहिले.

हसण्यावारी गेलं असतं तेही. पण तिसऱ्या दिवशी होतूला सणसणून ताप भरला. फळीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू यायचं आणि ईश्वरीबाईचं रडणं. आमचं पिठलंच पोराला बाधलं, असंच तिच्या मनाने घेतलं. ओट्यावर वहिनी दिसली की ती पाठ फिरवायची. वहिनीने जेवणच टाकलं. "माझ्यामुळे झालं," म्हणायची. तिच्यामुळे! मी कानांत बोटं घालायची.

एवढ्यावरही तिचा तो किडा मात्र जिवंत होता, आणि त्यानेच तिला वाट दाखवली. कॅम्पातली एक म्हातारी पापड विकायला यायची. वहिनीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिवशी चूल का बंद ठेवता तुम्ही? कसं करतात ते?" म्हातारी खुलली. त्या सणाला म्हणतात थदडी. श्रावण वद्य सप्तमी. शीतळामातेचा दिवस. आदल्या दिवशीच सगळा स्वयंपाक करायचा, गुळाच्या जाड गोड पोळ्या, म्हणजे लोले, करून ठेवायचे, चूल धुऊन, पाणी शिंपडून तिला विश्रांती द्यायची. सातमीला विस्तव नाही, ऊन ऊन काही खायचं नाही. देवी, गोवर, ताप, मुलांच्या अंगातली सगळी आग विझावी म्हणून मुलांवर पाणी शिंपडून मातेला म्हणायचं, ठार. म्हणजे थंड कर. थंड ठेव माझ्या लेकराला.

वहिनी घरात आली ती कपाळाला हात लावून. "शालू, अगं आशीर्वाद होता तो! आपण नाही का म्हणत, जीव गार झाला, डोळे निवले? तसं ते. आणि आपण काय केलं? ज्या दिवशी ऊन घास चालत नाही त्याच दिवशी कढत पिठलं नेलं. तेही मयताचं!"

त्या रात्रीची जेवणं झाल्यावर तिने आईपुढे विषय काढला. आपण एक दिवस आपली चूल थंड ठेवू, आणि थंड गोड घेऊन तिच्या दारात जाऊ, म्हणजे आपण नेलेलं ते गरम फिटेल. हे कुठल्याच शास्त्रात नव्हतं, ईश्वरीबाईच्याही नाही आणि आमच्याही नाही. वहिनीचं आपलं.

"वेड लागलंय तुला?" आई कडाडली. "या घरात चूल दोनदा थंड पडली. तुझे सासरे गेले तेव्हा आणि माझा मनू गेला तेव्हा. तिसऱ्यांदा मी हौसेने पाडू?"

मनू म्हणजे दादाच्या पाठचा, माझ्या आधीचा. त्याचं नाव आमच्यात काढत नसत. दुसरी कुणी सून असती तर उठून गेली असती. पण वहिनीने विचारलंच, अगदी हळू. "मनूभाऊजींना काय झालं होतं, आई?"

आईने हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाली, "देवी." दुसरी वात हातात घेत, "दशम्यांना दूध जास्त घाल. उद्यापर्यंत मऊ राहिल्या पाहिजेत."

दशमी म्हणजे दुधात भिजवलेली भाकरी, प्रवासाला नेतात ती, दोन दिवस टिकते. वहिनीने त्यात गूळ घातला. दुसऱ्या दिवशी आमची चूल पेटली नाही. आईने स्वतः तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चुलीवर शिंपडलं. दादा कसलीही कुरकुर न करता गार पाण्याने आंघोळ करून, गार दशमी खाऊन कचेरीत गेला. मग वहिनी आणि मी शेजारी गेलो.

ईश्वरीबाईने दार उघडलं ते बोटभर. वहिनीने ताट पुढे केलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा कान… मैंने गलत सुना. शालू को कुछ मालूम नहीं. मैंने सुना." मी तिच्या पदराआड. ईश्वरीबाईने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. चांगलं निरखून. मग तिने तळहात उलटा केला आणि हाताची मागची बाजू दशमीला लावली, पोराचा ताप बघतात तशी. दशमी थंड. फळ्यांच्या फटीतून आमची चूलही तिने सकाळीच बघितली असणार. तिने दार पूर्ण उघडलं, वहिनीला आत ओढलं आणि मग ज्या काही रडल्या दोघी! या वेळी मात्र दोघींना ठाऊक होतं, कशासाठी रडतोय.

होतूचा ताप हिवतापाचा होता आणि तो दवाखान्यातल्या कडू औषधाने उतरला, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. पण आईला आणि ईश्वरीबाईला जाऊन सांगायची माझी छाती कधी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आमचं ताट परत आलं त्यात लोले. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मग काय, भांडी नुसती ये-जा करत राहिली. पुढच्या श्रावणात आईने विचारलं, "ती सातमी कधी आहे गं?" दोन्ही घरी चुली थंड. पुढे आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायला आलो, ईश्वरीबाईचं बिऱ्हाड उल्हासनगरला गेलं, तिथे त्यांनी कापडाचं दुकान काढलं. सातमी सुटली नाही. नौपाड्यात आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, नर्सबाई होत्या. त्यांचा मुलगा दुखण्यातून उठला तेव्हा नवस फेडायला त्यांनी मलिदा केला. वहिनी अर्थातच हजर! घरी येऊन आईला म्हणाली, "आई, मलिदा म्हणजे पोहेच हो, आपलेच. ओलं खोबरं, साखर, वर फळं. प्रार्थना हिब्रूत, बाकी मराठी. आणि पोर बरं झालं म्हणून… म्हणजे त्यांचीही थदडीच की!" आई म्हणाली, "तू काय, सगळ्यांचीच सातमी करशील." पण पोहे मागून घेऊन खाल्ले तिने. सोवळं केव्हा सुटलं ते तिचं तिलाही कळलं नसेल. "सुनेचे कान भिंतीला" हा टोमणा मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. पाहुण्यांत, लग्नकार्यात, हसत हसत का होईना, आई ती गोष्ट सांगायची. वहिनी दर वेळी हसायची. माझ्याकडे कधी बघायचीसुद्धा नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी गेली आषाढात. सुतक फिटलं, श्रावण आला. षष्ठीला मेघनाने फोन केला, "आत्या, आईंशिवाय सातमी करायची का?" मी म्हटलं, "दूध जास्त घाल. येते मी."

सातमीला डोंबिवलीच्या त्या स्वयंपाकघरात गॅस पुसून ठेवलेला. होतू आला, दर वर्षीसारखे लोले घेऊन. वहिनीच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. खाऊन झालं, आणि माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "होतू, एक सांगायचंय. त्या दिवशी ठार हे वहिनीने नव्हतं ऐकलं. मी ऐकलं होतं. विस्तव मागायला मी आले होते. तुला मी मारलं रे, तिने नाही." ऐंशी उलटलेली मी, पण आवाज नऊ वर्षांच्या पोरीसारखा फुटला.

होतू मला थांबवत नव्हता, म्हणून मी वर बघितलं. तो पिशवीत हात घालत होता. "मालूम आहे, दीदी. अम्माला पहिल्या दिवसापासून मालूम होतं." त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. "ही आमच्या उंबऱ्यावर पडली होती. अम्माने पेटीत ठेवली. मी विचारलं होतं, परत का नाही देत? म्हणाली, दिली तर शालूची आई विचारेल, तिथे कशी गेली. विमलने बच्ची को ढका, तो मैं विमल को कैसे खोलूँ? विमल आहे तोवर द्यायची नाही."

कागद सोडवला. लोखंडी पळी. दांड्याला तोच बाक. आणि पळीत लोल्याचा एक तुकडा.

"रिकामी कशी देणार?" होतू म्हणाला.

मेघना विचारत होती, "आत्या, काय आहे हे?" म्हणजे दोघींनी मला झाकलं होतं, एकीने भिंतीच्या या बाजूने आणि एकीने त्या. आणि मी आपली जन्मभर समजत होते की गुपित माझं आहे. मी उठले, पळी गॅसच्या शेगडीवर ठेवली, आणि हाताची मागची बाजू बर्नरला लावून बघितली. थंड होता.

बंबापुरता विस्तव आण म्हणाली होतीस, वहिनी. उशीर झाला गं… आणि विस्तवही नाही मिळाला. पण पळी आणली बघ.